कॅन्सस सिटी बार्बेक्यू

कॅन्सस सिटी बार्बेक्यू ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅन्सस सिटी या महानगरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित झालेली, लाकडाच्या धुरावर मंद आचेने मांस शिजवण्याची पद्धत आहे. गोमांस, डुकराचे मांस, कोंबडी, टर्की, सॉसेज अशा अनेक प्रकारच्या मांसांचा वापर, हिकरी व ओक या झाडांचे लाकूड आणि टोमॅटो व काकवीपासून केलेला दाट, गोडसर सॉस ही या पद्धतीची ठळक वैशिष्ट्ये मानली जातात. टेक्सास, मेम्फिस आणि कॅरोलायना यांच्यासह अमेरिकन बार्बेक्यूच्या चार प्रमुख प्रादेशिक शैलींमध्ये तिची गणना होते. मिसूरी व कॅन्सस या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेल्या या महानगरात बार्बेक्यूची शंभराहून अधिक उपाहारगृहे आहेत.

## संज्ञा

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिश 'बार्बाकोआ' या रूपाने युरोपीय भाषांमध्ये आला. लाकडी मचाणावर मांस ठेवून खालून आच देण्याच्या रीतीशी तो निगडित होता.

भारतात, विशेषतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांत, बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यांवर सळईला लावून भाजलेले मांस किंवा पनीर असा अर्थ रूढ आहे. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बार्बेक्यू नेशन या उपाहारगृह-साखळीने टेबलावरच शेगडी ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केल्यानंतर हा अर्थ अधिकच पक्का झाला. अमेरिकन परंपरेत मात्र थेट आचेवर झटपट भाजण्याला 'ग्रिलिंग' म्हणतात. आचेपासून दूर, बंद भट्टीत, गरम धुराच्या साहाय्याने कित्येक तास शिजवलेल्या मांसालाच तेथे बार्बेक्यू हे नाव दिले जाते. भारतीय स्वयंपाकातील धुंगार, म्हणजे तयार पदार्थात निखारा ठेवून त्यावर तूप सोडून झाकण लावणे, याने धुराचा वास लागतो. पण त्यात पदार्थ धुरावर शिजत नाही. त्यामुळे तीही वेगळी क्रिया ठरते.

## इतिहास

### पार्श्वभूमी

मिसूरी आणि कॅन्सस या नद्यांच्या संगमावर वसलेले हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेचे मोठे केंद्र बनले. १८७१ मध्ये येथे गुरांचा बाजार स्थापन झाला आणि पुढे तो शिकागोच्या खालोखाल देशातील सर्वांत मोठा बाजार ठरला. त्याच्या आसपास कत्तलखाने व मांस-प्रक्रियेचे कारखाने उभे राहिले. श्रीमंतांच्या ताटात जाणारे मऊ भाग महाग विकले जात, तर छातीकडचा चिवट भाग, ज्याला ब्रिस्केट म्हणतात, आणि बरगड्या स्वस्तात मिळत. जवळच्या ओझार्क डोंगराळ प्रदेशातून हिकरी व ओकचे लाकूडही उपलब्ध होते.

याच काळात दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांत स्थलांतर करत होती. खड्ड्यात किंवा भट्टीत रात्रभर मांस शिजवण्याचे कौशल्य त्यांच्याबरोबर आले. या पद्धतीची घडण स्वस्त मांस, भरपूर लाकूड आणि हे कौशल्य यांच्या मिलाफातून झाली.

### हेन्री पेरी

कॅन्सस सिटी बार्बेक्यूचे जनक म्हणून हेन्री पेरी यांना ओळखले जाते. टेनेसी राज्यात मेम्फिसजवळ जन्मलेल्या पेरी यांनी नद्यांवरील आगबोटींच्या स्वयंपाकघरांत काम केले होते. १९०७ मध्ये ते कॅन्सस सिटीत आले आणि १९०८ च्या सुमारास कापड-उद्योगाच्या भागातील एका गल्लीत त्यांनी धुरावलेले मांस विकण्यास सुरुवात केली. मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिले जाई. गोमांसाबरोबरच रकून, पॉसम यांसारख्या रानटी प्राण्यांचे मांसही ते शिजवत. त्यांचा सॉस तिखट आणि झणझणीत होता. आजची गोडसर चव नंतरची आहे.

पुढे त्यांनी अठरावा रस्ता आणि व्हाइन या चौकाच्या परिसरात व्यवसाय हलवला. हा भाग कृष्णवर्णीय वस्तीचे केंद्र होता. जॅझ संगीताचे क्लब येथे रात्रभर चालत आणि १९२० मध्ये निग्रो नॅशनल लीग या बेसबॉल संघटनेची स्थापनाही याच परिसरात झाली. वांशिक विभक्ततेच्या त्या काळात पेरी यांच्याकडे कृष्णवर्णीय व गोरे असे दोन्ही ग्राहक येत असत. १९४० मध्ये पेरी यांचे निधन झाले.

### ब्रायंट आणि गेट्स

पेरी यांच्यानंतर त्यांचे सहकारी चार्ली ब्रायंट यांनी व्यवसाय चालवला. १९४६ मध्ये तो त्यांचे बंधू आर्थर ब्रायंट यांच्याकडे आला. आर्थर यांनी सॉसचा तिखटपणा कमी केला आणि ब्रुकलिन ॲव्हेन्यूवरील उपाहारगृह नावारूपाला आणले. शहराचे म्युनिसिपल स्टेडियम त्याच रस्त्यावर जवळच असल्याने खेळाडू व प्रेक्षक यांची तेथे गर्दी होत असे. मूळचे कॅन्सस सिटीचे लेखक कॅल्व्हिन ट्रिलिन यांनी १९७२ मध्ये एका लेखात हे जगातील सर्वोत्तम उपाहारगृह असल्याचे लिहिले आणि त्यामुळे त्याची कीर्ती देशभर पसरली. आर्थर ब्रायंट १९८२ मध्ये निवर्तले. २०१४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी येथे भोजन केले.

१९४६ मध्येच जॉर्ज गेट्स यांनी एक जुने उपाहारगृह विकत घेतले. तेथील स्वयंपाकी आर्थर पिंकार्ड यांनी पूर्वी पेरी यांच्याकडे काम केले होते. त्यामुळे शहरातील दोन्ही जुन्या घराण्यांची परंपरा पेरी यांच्यापर्यंत पोहोचते. गेट्स यांच्या उपाहारगृहात पाऊल टाकताच कर्मचारी मोठ्या आवाजात काय हवे ते विचारतात. हे स्वागतच त्या उपाहारगृहाची ओळख बनले आहे.

### नंतरचा काळ

१९५१ च्या महापुराने गुरांच्या बाजाराचे मोठे नुकसान झाले. त्याला उतरती कळा लागली आणि १९९१ मध्ये तो बंद झाला. बार्बेक्यूचा व्यवसाय मात्र वाढतच गेला. इटालियन वंशाच्या फिओरेला कुटुंबाने १९५७ मध्ये सुरू केलेल्या उपाहारगृहातून पुढे 'जॅक स्टॅक' ही साखळी निर्माण झाली. १९९६ मध्ये कॅन्सस राज्यातील बाजूस एका पेट्रोल पंपाच्या इमारतीत 'ओक्लाहोमा जोज' सुरू झाले; २०१४ मध्ये त्याचे नाव 'जोज कॅन्सस सिटी' असे करण्यात आले.

## शिजवण्याची प्रक्रिया

मांसाला मीठ, साखर, लाल मिरचीची पूड, मिरी इत्यादींचा कोरडा मसाला चोळून ते विटांच्या किंवा लोखंडी भट्टीत ठेवले जाते. भट्टीचे तापमान साधारणतः १०५ ते १२० अंश सेल्सियस राखले जाते. बरगड्यांना पाच-सहा तास, तर मोठ्या ब्रिस्केटला बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

ब्रिस्केट हा जनावराचे वजन पेलणारा स्नायू असल्याने त्यात कोलॅजेन या संयोजी प्रथिनाचे प्रमाण मोठे असते. हे मांस झटपट भाजल्यास चामड्यासारखे चिवट होते. दीर्घकाळ उष्णता मिळाल्यावर मात्र कोलॅजेनचे जिलेटिनमध्ये रूपांतर होते आणि मांस मऊ व रसाळ बनते. त्यासाठी मांसाचे आतील तापमान सुमारे ९० ते ९६ अंशांपर्यंत जावे लागते. वाटेत ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तापमान कित्येक तास अडून राहते. मांसाच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे तेवढीच उष्णता बाहेर जात असते, हे त्याचे कारण होय. या टप्प्यावर घाई करून आच वाढवल्यास मांस कोरडे पडते. काही स्वयंपाकी या वेळी मांस कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात.

धुराची चव मुख्यतः लाकडातील लिग्निनच्या विघटनातून निघणाऱ्या ग्वायकॉल व सिरिंगॉल या संयुगांमुळे येते. सुके लाकूड आणि पुरेशी हवा असल्यास पातळ, निळसर धूर निघतो आणि तोच चांगला समजला जातो. कोंडलेल्या भट्टीतील दाट पांढऱ्या धुरामुळे मांसाला कडवट, राळेसारखी चव येते. धुरातील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसातील मायोग्लोबिनशी संयोग पावतात आणि कडेला गुलाबी पट्टा तयार होतो. बाहेरच्या काळसर, चविष्ट थराला 'साल' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला जातो.

## प्रमुख पदार्थ

बर्न्ट एंड्स – शब्दशः 'जळकी टोके'. ब्रिस्केटच्या चरबीयुक्त टोकाचे हे काळसर, कुरकुरीत तुकडे आहेत. पूर्वी ब्रायंट यांच्याकडे मांस कापताना गळून पडलेले तुकडे रांगेतील ग्राहकांना फुकट दिले जात. ट्रिलिन यांच्या लेखात या तुकड्यांचे गुणगान झाल्यानंतर त्यांना मागणी आली. आता ब्रिस्केटचे टोक वेगळे काढून, चौकोनी तुकडे करून, पुन्हा धुरावून ते मुद्दाम तयार केले जातात.

ब्रिस्केट – पातळ काप करून पांढऱ्या पावावर वाढले जाते.

बरगड्या – बहुधा डुकराच्या. काही ठिकाणी गाईच्या व मेंढीच्याही मिळतात.

सॉस – घराघरांत भेद आहे. ब्रायंट यांचा सॉस व्हिनेगर व लाल मिरचीच्या पुडीचा, किंचित रवाळ असतो. गेट्स यांचा सॉस टोमॅटोचा, पण फारसा गोड नसलेला असतो. काकवीचा दाट, गोड सॉस देशभर पोहोचला तो प्रामुख्याने रिच डेव्हिस या बालमनोविकारतज्ज्ञाने १९७७ मध्ये तयार केलेल्या 'के.सी. मास्टरपीस' या बाटलीबंद उत्पादनामुळे. १९८६ मध्ये ते क्लोरॉक्स कंपनीने विकत घेतले.

जोडपदार्थ – मांसाच्या रसात शिजवलेल्या बीन्स, बटाट्याच्या तळलेल्या फोडी, कोबीची कोशिंबीर, व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी आणि साधा पांढरा पाव.

## इतर शैलींशी तुलना

| शैली | मुख्य मांस | चवीचे वैशिष्ट्य |
|---|---|---|
| कॅन्सस सिटी | सर्व प्रकारचे | कोरडा मसाला, दाट सॉस |
| मध्य टेक्सास | गोमांस | मीठ-मिरी, ओकचा धूर, सॉस गौण |
| मेम्फिस | डुकराच्या बरगड्या व खांदा | कोरडा मसाला किंवा पातळ सॉस |
| कॅरोलायना | डुक्कर | व्हिनेगरचा किंवा मोहरीचा सॉस |

## उपाहारगृहांतील गुणवत्तेचे निकष

मोठ्या शहरात लाकडी भट्टी चालवणे खर्चिक असते. रात्रभर जागून आच सांभाळणारा माणूस, लाकूड साठवण्याची जागा, धुरासाठी चिमणी आणि अग्निसुरक्षेची व्यवस्था लागते. शिवाय छाटणी व शिजवणे यांनंतर कच्च्या ब्रिस्केटचे वजन साधारण निम्म्यावर येते. यामुळे अनेक उपाहारगृहे वायूवर किंवा विजेवर चालणाऱ्या, थोडे लाकूड घालता येणाऱ्या यंत्रभट्ट्या वापरतात. काही ठिकाणी द्रवरूप धुराने चव आणली जाते. अशा द्रवरूप धुराचे व्यापारी उत्पादन अर्नेस्ट राइट यांनी १८९५ मध्ये कॅन्सस सिटीतच सुरू केले होते.

जाणकार पुढील लक्षणांवरून दर्जा ठरवतात :

* इमारतीजवळ लाकडाचा साठा व बाहेरही जाणवणारा लाकडी धुराचा वास.
* मागणीनंतर ग्राहकासमोर मांस कापणे. आधी कापून ठेवलेले मांस लवकर सुकते.
* सॉस मांसावर न ओतता वेगळा देणे. जाड सॉसखाली कोरडे किंवा शिळे मांस लपू शकते.
* ब्रिस्केटचा काप उचलल्यावर न तुटणे, पण हलकेच ओढल्यावर सुटणे.
* बरगडीचा घास दाताने स्वच्छ सुटणे. मांस आपोआप हाडावरून गळत असेल, तर ते प्रमाणाबाहेर शिजलेले समजले जाते.
* ठरावीक साठा संपल्यावर विक्री थांबवणे. दुसऱ्या दिवशीचे ब्रिस्केट आदल्या रात्रीच भट्टीत चढलेले असावे लागते. मागणी वाढली म्हणून ते तासाभरात तयार करता येत नाही.

गुलाबी पट्टा हा मात्र विश्वसनीय निकष नाही, कारण नायट्राइटयुक्त मीठ वापरून तो धुराविनाही आणता येतो. त्याच कारणाने स्पर्धांमध्ये परीक्षकांना त्याकडे दुर्लक्ष करण्यास सांगितले जाते.

## स्पर्धा व संस्था

अमेरिकन रॉयल या पशुप्रदर्शनाशी संलग्न असलेली बार्बेक्यूची जागतिक स्पर्धा १९८० पासून भरते. १९८० च्या दशकाच्या मध्यास स्थापन झालेली कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी देशोदेशींच्या स्पर्धांना मान्यता देते. कोंबडी, डुकराच्या बरगड्या, डुकराचे मांस व ब्रिस्केट या चार गटांत दर्शनी रूप, चव आणि मऊपणा यांवर गुण दिले जातात.

## टीका आणि वाद

या पद्धतीचा पाया कृष्णवर्णीय स्वयंपाक्यांनी घातला असला, तरी बाटलीबंद सॉस, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आणि स्पर्धा यांच्या प्रसारात त्यांचे श्रेय झाकोळले गेले, अशी टीका खाद्य-इतिहासाचे अभ्यासक करतात. दुसरा वाद सॉसविषयी आहे. बाहेरच्या जगाला कॅन्सस सिटी म्हणजे गोड सॉस एवढेच माहीत आहे; पण पेरी-ब्रायंट परंपरेत धूर आणि मांस मुख्य असून गोडपणा उशिरा आला. बर्न्ट एंड्सच्या बाबतीतही असेच घडले. एकेकाळी फुकट मिळणारा हा गरिबाचा घास आज अनेक ठिकाणी साध्या ब्रिस्केटपेक्षा महाग विकला जातो.

आरोग्याच्या दृष्टीने, लाकडाच्या धुरात बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन हे घातक घटक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या, तर लाल मांसाचा समावेश बहुधा कर्करोग घडवणाऱ्या गटात केला.

## हेही पहा

* टेक्सास बार्बेक्यू
* मेम्फिस बार्बेक्यू
* तंदूर
* धुंगार