सार्वजनिक आरोग्यातील शोधनिबंध: आखणी आणि लेखन

एमपीएच किंवा कम्युनिटी मेडिसिनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शोधनिबंध लिहावाच लागतो. एखाद्या लोकसमूहाच्या आरोग्याविषयी एक प्रश्न विचारायचा, त्याचे उत्तर मोजमापाने किंवा मुलाखतींतून शोधायचे आणि ते इतरांना तपासून पाहता येईल अशा रीतीने मांडायचे, असे त्याचे स्वरूप असते. रुग्णालयातील संशोधन समोर आलेल्या रुग्णाचा विचार करते. सार्वजनिक आरोग्याला मात्र दवाखान्यापर्यंत न आलेल्या माणसांचाही हिशेब ठेवावा लागतो. निबंधाची सगळी मांडणी या फरकावरच उभी असते.

याचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण म्हणजे डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यास. बंग दांपत्याने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांवरील त्यांचा निबंध 1989 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो अवघ्या चार पानांचा आहे. शंभर पानांचा प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याने आधी ही चार पाने वाचलेली बरी.

प्रश्न आणि छेद

‘ग्रामीण महिलांचे आरोग्य’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘या दोन गावांतील किती स्त्रियांना स्त्रीरोग आहेत?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर चूक किंवा बरोबर ठरू शकते. कोण, कुठे, केव्हा आणि काय मोजायचे, हे एका वाक्यात बसत नसेल तर प्रश्न अजून तयार झालेला नाही असे समजावे.

यानंतर येतो छेद, म्हणजे टक्केवारी कितीपैकी काढायची ते. गडचिरोलीच्या अभ्यासात 650 स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. हाच अभ्यास रुग्णालयाच्या नोंदवहीवरून केला असता तर यांतल्या बहुतेक स्त्रिया मोजणीतच आल्या नसत्या, आणि आकडा कितीही नेटका काढला तरी प्रश्नाचे उत्तर चुकले असते.

आजार म्हणजे नेमके काय, हेही आधी ठरवावे लागते. याच अभ्यासात 45 टक्के स्त्रियांची कोणतीही तक्रार नव्हती. केवळ प्रश्नावली भरून घेतली असती तर त्या सगळ्या ‘निरोगी’ गणल्या गेल्या असत्या. रक्तक्षय, उच्च रक्तदाब, कुपोषण अशा कोणत्याही विषयात व्याख्या, मोजण्याचे साधन आणि मर्यादेचा आकडा पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहावा लागतो.

नमुन्याचा आकार

इथे बहुतेक विद्यार्थी अडखळतात. एखाद्या गोष्टीचे प्रमाण मोजायचे असेल तर भारतात चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग, हे सूत्र सर्रास वापरतात. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा केल्यावर उरते ती, आणि डी म्हणजे चालण्याजोगी चूक. प्रमाण 50 टक्के आणि चूक 5 टक्के धरली तर उत्तर 400 येते. अपेक्षित टक्केवारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून किंवा आधीच्या अभ्यासांतून घ्यावी. हवा तो नमुना आधी ठरवून मग त्याला जुळणारी टक्केवारी शोधणे, ही पळवाट परीक्षकांना चांगलीच ओळखीची आहे. आधी गावे आणि मग गावांतली माणसे निवडली असतील, तर एका गावातील माणसे एकमेकांसारखी असण्याची शक्यता धरून नमुना वाढवावा लागतो.

आचारसमितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधीच हवी. लहान गावात नाव गाळले तरी वय, जात आणि व्यवसाय एकत्र छापले की बाई कोण ते ओळखू येते. म्हणून तक्त्यांतही काळजी घ्यावी लागते. तपासणीत आजार सापडला तर पुढे काय, उपचार कुठे, हे आधी ठरलेले असावे.

लिहिण्याचा क्रम

निबंध छापला जातो तो प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा या क्रमाने. लिहायला मात्र तक्त्यांपासून सुरुवात करणे सोयीचे असते. माहिती हाती येण्याआधीच रिकामे तक्ते आखून पाहिले की प्रश्नावलीतला कोणता प्रश्न कुठल्याच तक्त्यात जात नाही ते दिसते. तो प्रश्न काढून टाकावा. शेतातून थकून आलेल्या बाईचा तेवढाच वेळ वाचतो.

मग पद्धती लिहावी. सिनॉप्सिसमधला मजकूर तसाच उचलल्यामुळे ‘400 महिला निवडल्या जातील’ असे भविष्यकाळातले वाक्य पूर्ण झालेल्या प्रबंधात राहून जाते; हा प्रकार हसण्यावारी नेण्याइतका विरळा नाही. किती जणांना विचारले, किती जणांनी नकार दिला, किती घरे बंद होती, हे सगळे आकडे द्यावेत. निरीक्षणात्मक अभ्यासाच्या अहवालात काय असावे याची ‘स्ट्रोब’ नावाची यादी मोफत मिळते. ती शेवटी नव्हे, सुरुवातीलाच समोर ठेवावी.

निष्पत्तीत फक्त आढळले ते सांगावे. टक्केवारीसोबत मूळ संख्या आणि विश्वासाचा पल्ला द्यावा. 100 जणांत 50 टक्के आढळले, तर खरे प्रमाण साधारण 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असू शकते. सातपैकी तिघे असतील तर ‘42.86 टक्के’ लिहिण्यात काही अर्थ नाही.

चर्चा

सगळ्यात जास्त जपून लिहायचा भाग हा आहे. गडचिरोलीच्या अभ्यासात स्त्रियांनी वापरायच्या गर्भनिरोधक पद्धती आणि स्त्रीरोग यांच्यात संबंध आढळला होता. ‘गर्भनिरोधकांमुळे आजार होतात’ असे एक वाक्य तिथे लिहिले गेले असते, तर त्याची बातमी झाली असती आणि अनेक स्त्रियांनी साधने वापरणे सोडले असते. लेखकांनी संबंध नोंदवला, लपवला नाही. पण त्यातून आजारांच्या फार थोड्या भागाचाच उलगडा होतो, हेही लगेच सांगितले. एकाच वेळी केलेल्या पाहणीत आधी काय घडले आणि नंतर काय, ते कळत नाही. म्हणून अशा ठिकाणी ‘मुळे’ न लिहिता ‘संबंध आढळला’ असे लिहावे.

मर्यादा लिहितानाही ‘वेळेअभावी नमुना लहान घेतला’ एवढ्यावर सुटका होत नाही. त्या मर्यादेमुळे आकडा वाढला असेल की घटला असेल, ते सांगायला हवे. दुपारी घरोघर फिरल्यास मजुरीला गेलेली माणसे सुटतात आणि आजारी, वृद्ध माणसे जास्त भेटतात. मग आजाराचे प्रमाण फुगते.

संदर्भ वैद्यकीय विषयात बहुधा व्हँकुव्हर पद्धतीने, मजकुरातील क्रमांकांनुसार देतात. झोटेरोसारखे मोफत सॉफ्टवेअर वापरल्यास क्रमांक आपोआप बदलतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असल्यास विद्यार्थ्याला सुधारित प्रबंध द्यावा लागतो, आणि 60 टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होऊ शकते.

शिफारशींत ‘जनजागृती करावी’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात सापडते. कोणी, कुठे आणि कशी, याचा त्यात पत्ता नसतो. 1989 च्या निबंधाची शिफारस अशी होती: स्त्रीरोगांची तपासणी आणि उपचार हा प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग असावा. ती कोणत्या पातळीवरच्या यंत्रणेला उद्देशून आहे, हे वाचताच कळते.

प्रस्तावना यानंतर, आणि सारांश सगळ्यात शेवटी लिहावा. बहुतेक वाचक तेवढाच वाचतात, म्हणून त्यातला प्रत्येक आकडा तक्त्याशी ताडून पाहावा. गावासाठी मराठीत एक पानी वेगळा सारांश करून तो आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दिला, तर ज्यांनी उत्तरे दिली त्यांनाही काय निघाले ते कळते.