बोरघाटाची हजेरी

गेल्या डिसेंबरात आठवीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही रेल्वेने पुण्याला निघालो होतो. कर्जतला गाडीला मागून ढकलणारी इंजिने लागली, घाट सुरू झाला आणि मुले बोगदे मोजू लागली. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, हे बोगदे कोणी केले?" मी सवयीने सांगून टाकले, "इंग्रजांनी." ती म्हणाली, "म्हणजे इंग्रजांनी स्वतः दगड फोडले?" सगळा डबा हसला. मला मात्र हसू आले नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, गरज पडेल तेव्हा इतिहासाचा तासही घेतो. इतकी वर्षे मी हेच अर्धे उत्तर देत आलो होतो, हे त्या दिवशी लक्षात आले. म्हणून हा लेख.

आधी त्या इंग्रजाची ओळख करून घेऊ, कारण त्यांचे नावही आपल्या मुलांना माहीत नसते. जेम्स जॉन बर्कले यांचा जन्म १८१९ साली लंडनच्या हॉलोवे भागात झाला. शिक्षण किंग्ज कॉलेजात. १८३९ मध्ये ते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कचेरीत दाखल झाले. वाफेच्या इंजिनासाठी ज्यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, त्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे हे चिरंजीव. त्या काळी इंग्लंडमध्ये रेल्वेचे वेड लागले होते. बर्कले यांनी तिथे चर्नेट व्हॅली आणि ट्रेंट व्हॅली या मार्गांवर काम केले. पुढे मंदी आली, नवे मार्ग थांबले आणि अनेक इंजिनिअर परदेशाकडे पाहू लागले.

१८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. भांडवल इंग्लंडमधल्या भागधारकांचे. त्यावर ५ टक्के व्याजाची हमी मात्र इथल्या महसुलातून, म्हणजे आपल्याच रयतेच्या साऱ्यातून. हेतूही उघड होता. दख्खनचा आणि वऱ्हाडचा कापूस लवकर मुंबई बंदरात पोहोचावा आणि तिथून लँकेशायरच्या गिरण्यांना मिळावा. या कंपनीचे मुख्य इंजिनिअर म्हणून स्टीफन्सन यांनी बर्कले यांची शिफारस केली. तिशीचे बर्कले १८५० च्या सुरुवातीला मुंबईत उतरले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. ही तारीख आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. बर्कले यांची खरी परीक्षा मात्र पुढे होती. सह्याद्री ओलांडल्याशिवाय रेल्वे ना पुण्याला जाणार होती, ना नाशिककडे. त्यासाठी त्यांनी दोन घाट निवडले, कसाऱ्याचा थळघाट आणि खंडाळ्याचा बोरघाट. बोरघाटाची वाट एका धनगराने दाखवली, अशी कथा त्या भागात सांगतात. शिंग्रोबा त्याचे नाव. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर आजही तिथे हात जोडतात. लोककथा कागद मागत नाही. पण मोठ्या कामात आपलाही कुणी होता, हे सांगण्याची लोकांची ती रीत आहे, असे मला वाटते.

बोरघाटाची चढण पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत. लांबी पावणेसोळा मैलांच्या आसपास, चढ १,८३१ फुटांचा, बोगदे २५, मोठे दरीपूल ८. सर्वांत अवघड जागी ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर चढावे लागे. त्या काळच्या इंजिनांना हे फार होते. एका ठिकाणी डोंगराने वळायलाच जागा दिली नाही. तेव्हा बर्कले यांनी तिथे उलटे स्टेशन ठेवले. गाडी तिथे थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालली. १८५७ मध्ये बर्कले यांनी मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये याच घाटावर निबंध वाचला. पुढे भारतातल्या रेल्वेवरील निबंधासाठी त्यांना लंडनच्या इंजिनिअरांच्या संस्थेचे टेलफर्ड पदक मिळाले. माणूस हुशार होता, कष्टाळू होता, यात शंका नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. दगड कोणी फोडले?

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. बोगद्याची तोंडे अशा कड्यांवर होती की तिथे पाय ठेवायलाही जागा नव्हती. वरून दोर सोडून माणसे खाली लटकवायची, त्यांनी पहारीने खडकाला भोके पाडायची, मग त्यात दारू भरून सुरुंग लावायचा. पुरुष खडक फोडत, बायका आणि पोरे माती-दगड डोक्यावरून वाहत. १८६१ मध्ये या एका चढणीवर ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. डोंगरात झोपड्या, पाण्याची आबाळ, त्यात पटकी आणि ताप. हजारो माणसे तिथेच गेली.

जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा उद्रेक झाला. मजुरी पूर्ण मिळत नाही, वेळेवर मिळत नाही, ही तक्रार. कंपनीने काम ठेकेदार फॅव्हिएल यांना दिलेले, त्यांच्या खाली पोटठेकेदार, त्यांच्या खाली मुकादम. पैसा वरून निघायचा आणि खाली येईपर्यंत आटायचा. सरकारला चौकशी करावी लागली, फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. नंतर सॉलोमन ट्रेडवेल आले, पण भारतात पोहोचल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका चालू ठेवला आणि दोन अनुभवी इंजिनिअरांच्या हाताने काम पुरे करून घेतले.

हा भाग वाचताना मला अब्बांची आठवण आली. अब्बा रस्त्याच्या कामावर मुकादम होते. मुकादम हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ पुढे उभा असलेला. हजेरी म्हणजे हाजिर असणे, तोही शब्द अरबीतूनच आला. मजूर फारसी, आणि बिगारी हा शब्द ज्या बेगारीवरून आला ती म्हणजे बिनमोबदल्याचे काम, तोही फारसी. वर्गात मी हे शब्द भाषेची देवाणघेवाण म्हणून शिकवतो. अब्बांसाठी मात्र हजेरी म्हणजे एक लाल कापडी पाठीची वही होती. संध्याकाळी कंदिलाखाली ते एकेक नाव वाचत. एखादे राहिले तर अम्मीला म्हणत, "नाव राहिलं म्हणजे त्याच्या घरची चूल राहिली." मजुरी अडवून ठेवणे आमच्या घरात गुनाह मानला जाई.

बोरघाटाच्या बोगद्यांचे यार्ड, भरावाची माती, फोडलेला खडक या सगळ्याचे आकडे बर्कले यांच्या निबंधात नीट मांडलेले सापडतात. त्या ४२ हजारांची नावे तिथे नाहीत. कुठल्या तरी मुकादमाच्या वहीत ती असतीलच, रोज संध्याकाळी कुणीतरी ती वाचलीही असतील. त्या वह्या जपाव्यात असे कुणाला वाटले नाही.

बर्कले यांनाही घाटाने सोडले नाही. प्रकृती ढासळली म्हणून १८६१ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारले. वय अवघे ४२. पुढच्या वर्षी, १८६३ मध्ये, घाटातून गाडी धावली, ती त्यांना पाहता आली नाही. तोवर मुंबईहून पुण्याला जाणाऱ्यांना मधला घाट पालखीने, तट्टाने नाहीतर पायी चढावा लागे. चार वर्षांनी, १८६७ मध्ये, घाटातला एक मोठा दरीपूल कोसळला. घाईचे आणि कच्चे बांधकाम शेवटी असे उघडे पडते.

मग आपण मुलांना काय सांगायचे? काही जण म्हणतात, इंग्रजांनी रेल्वे दिली, उपकार माना. काही म्हणतात, लुटायलाच आणली, नाव घेऊ नका. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. हमीचे व्याज आपल्या रयतेने भरले, तेव्हा उपकार कसला? आणि तिशीत घर सोडून या डोंगरात आयुष्य घालवणाऱ्या माणसाचे नाव पुसून आपल्याला काय मिळणार? आपल्या लोकांची नावे पुस्तकातून गळाली की आपल्याला किती लागते, हे आपण जाणतो. मग दुसऱ्याचे नाव आपण गाळू नये, आणि ज्यांचे नाव कुणीच लिहिले नाही त्यांना तर मुळीच विसरू नये.

परतीच्या प्रवासात त्या मुलीला शेजारी बसवून मी हे सगळे सांगितले. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "सर, त्यांच्यात माझ्याएवढीपण असतील ना?" मी म्हटले, "होती, बेटा." कर्जत येईपर्यंत तिने पुन्हा बोगदे मोजले नाहीत.