रकमी आकडे आणि टेपची रिळे

कोठी म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला सुलतान बाजार आठवतो, जुन्या पुस्तकांची दुकाने आठवतात आणि गुजराती गल्लीतले रेडिओ-टेपरेकॉर्डरचे सुटे भाग आठवतात. मूळची कोठी मात्र इंग्रज रेसिडेंटाची. जेम्स कर्कपॅट्रिकने ती 1803 च्या सुमारास बांधायला घेतली. 1949 पासून तिथे मुली शिकतात. रेसिडेंट गेला, पण त्याचे दफ्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि इंग्रजी जाणणारा कोणीही ते बव्हंशी वाचू शकतो. उलट देगलूर, उदगीर, भालकीकडे लिहिलेला कागद आपल्याच पेटीत असून आपल्याला वाचता येत नाही. असे का व्हावे, हे मला उमगले ते याच कोठीच्या परिसरातल्या एका कचेरीत, कॉम्प्युटरच्या टेपमुळे.

1992 साली आमच्या कचेरीतला जुना कॉम्प्युटर मोडीत निघायचा होता. त्याच्यामागे वातानुकूलित खोलीत कपाटभर रिळे होती: अर्धा इंच रुंद, 2400 फूट लांब टेप. 1964 च्या आयबीएमच्या यंत्रांबरोबर आलेली ही नऊ पट्ट्यांची तऱ्हा पुढे जगभर रूढ झाली. इंचाला 1600 अक्षरे या दराने एका रिळावर जास्तीत जास्त चाळीस-पंचेचाळीस मेगाबाइट मजकूर मावे; आजच्या फोनमधले दहा-बारा फोटो म्हणा. पण त्या रिळांवर आमच्या हजारो माणसांचा भविष्यनिर्वाह निधी होता. शिपाई, चौकीदार, ड्रायव्हर, बरेचसे बिदर-नांदेडकडचे.

नव्या यंत्रावर मजकूर उतरवून देण्याचे काम बाहेरच्या माणसांना दिले होते. त्यांनी नमुन्याची छापील प्रत आणली. नावे स्वच्छ उमटली होती, गावेही. रकमेच्या रकान्यात मात्र चौकोन, टिंबे आणि भलतीच चिन्हे. टेप खराब झाली, असा शेरा मारून ते मोकळे झाले.

टेप खराब नव्हती. जुने यंत्र ‘ए’ हे अक्षर 193 या अंकाने लिही, नवे 65 ने. अक्षरांसाठी एक कोष्टक लावले की काम भागते. पण जमाखर्चाचे आकडे त्या काळी अक्षरांसारखे लिहीतच नसत. जागा महाग, म्हणून एका अक्षराच्या घरात दोन अंक दाटीवाटीने बसवत आणि शेवटच्या अर्ध्या घरात अधिक की उणे याची खूण करत. अशा घरांवरून अक्षरांचे कोष्टक फिरवले की आकडा कायमचा विस्कटतो. कोणते घर अक्षराचे आणि कोणते आकड्याचे, हे टेपवर लिहिलेले नसते. ते कोबोल प्रोग्रॅमच्या भोकाभोकांच्या लांबलचक कागदावर असते. आणि तो कागद रद्दीच्या ढिगात निघाला होता.

इथे मला आमच्या घरचा एक फसली 1330 चा कागद आठवला. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1920. माझ्या वडिलांचे शिक्षण उर्दूतून झालेले. ते मजकूर घडाघडा वाचत, पण शेतसाऱ्याच्या आकड्यापाशी थांबत, कारण तो ‘रकम’ पद्धतीने लिहिलेला होता. अरबी संख्याशब्दांचे आखडून केलेले ते फराटे. फारसी कारकुनीची ही जुनी विद्या, तिला सियाक असेही नाव आहे. उर्दू येते म्हणून रकम येतेच असे नाही. शब्द कळावेत आणि आकडा हातचा जावा, हे तेव्हाही होतच होते!

निजामाच्या राज्यात लिहिण्याची व्यवस्था एकदा नव्हे, अनेकदा बदलली. 1880 च्या दशकात सरकारी फारसी जाऊन उर्दू आली. गावात कुलकर्ण्याची मोडी चालूच होती. सप्टेंबर 1948 नंतर उर्दूचा अंमल ओसरला, फसली सनही गेला. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्याचेच तीन तुकडे झाले; नांदेड एकीकडे, बिदर दुसरीकडे, हैदराबाद तिसरीकडे. कागद राहिले, वाचणारे निवृत्त होत गेले. त्यांच्या हयातीत बसून ते उतरवून घ्यावेत, असे फारसे कुणाला सुचले नाही. त्याची किंमत 2023 साली दिसली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो, एका ओळीवर कुटुंबाचे किती अडते हे गावोगाव कळले.

अमेरिकेसारख्या देशालाही हे चुकले नाही. 1976 साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांचा मजकूर पुढे एका संशोधकाला हवा होता, तर टेपवरची मांडणी जाणणारे उरले नव्हते. अखेर छापील कागदांवरून काम चालवावे लागले. चंद्राची छायाचित्रे काढणाऱ्या 1966-67 च्या लूनर ऑर्बिटर यानांच्या टेप मात्र वाचल्या. नॅन्सी इव्हान्स या बाईंनी टेप जपल्याच, शिवाय त्या वाजवणारी फ्रिजएवढी अँपेक्स यंत्रे वर्षानुवर्षे आपल्या गॅरेजमध्ये ठेवली. 2008 च्या सुमारास ती दुरुस्त झाली आणि चित्रे पूर्वीपेक्षा सुरेख निघाली. मला स्वतःला त्या टेपांपेक्षा त्या गॅरेजचे कौतुक जास्त वाटते.

आमच्याकडे गॅरेज नव्हते, वीस दिवस होते. आमचे जुने ऑपरेटर तेलुगूभाषक, मितभाषी गृहस्थ. त्यांनी हट्ट धरला की जुने यंत्र उचलण्याआधी त्यावर प्रत्येक रीळ एकदा वाचायचेच, आणि जुन्याच प्रोग्रॅमने आकडे साध्या अंकांत उलगडून नव्या टेपवर लिहायचे. सोबत दोन बेरजा: नोंदी किती आणि एकूण रक्कम किती. नव्या यंत्रावर त्याच दोन्ही बेरजा आल्या तरच रीळ उतरले असे धरायचे. काही रिळे पावसाळी दमटपणाने चिकटली होती. तिथे हा माणूस डोके पुसून पुन्हा लावी, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेस टेप बोलती होई. चार रिळे शेवटपर्यंत बोलली नाहीत. त्यांचे हिशेब छापील खतावणीवरून हाताने भरले.

दोन-तीन वर्षांनी औरादकडची एक बाई आली. नवरा चौकीदार होता. 1979 ची त्याची वर्गणी पासबुकात होती, आमच्या चालू खात्यात नव्हती. ती नोंद उतरवलेल्या टेपवर पाच मिनिटांत सापडली. तिने विचारले, “मग इतके दिवस काहून फिरवलं?” याला उत्तर नव्हते.

पुढे तो मजकूर काडतुसासारख्या छोट्या टेपवर गेला, नंतर डिस्कवर. दर खेपेस त्या दोन बेरजा जुळवल्या गेल्या. कोबोलच्या कागदावरून रकान्यांची यादी आम्ही एका जाड रजिस्टरात उतरवली: कोणते घर कुठून कुठवर, त्यात अक्षर की आकडा, तारीख कोणत्या क्रमाने. ऑपरेटर तेलुगूत सांगत, मी मराठीतून समजून घेई आणि इंग्रजीत लिही. पहिल्या पानावर तिन्ही भाषांत एकच वाक्य आहे: हे रजिस्टर टेपपासून वेगळे करू नये.