पहिला पडदा : लिनक्सची चित्रमय सुरुवात आणि देवनागरीचा जुना पेच

१/ संगणकाची कळ दाबल्यापासून प्रवेशाची चौकट समोर येईपर्यंतचा काळ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. त्या अवधीत पडद्यावर काय दिसावे आणि ते कोणत्या लिपीत दिसावे, या प्रश्नाला मात्र जवळजवळ दोन शतकांची पार्श्वभूमी आहे. लिनक्सच्या चित्रमय बूट स्क्रीनचा आणि देवनागरीचा हा इतिहास. #धागा

२/ १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. मराठी मुद्रणाचा तो घडणीचा काळ होता. रोमन लिपीची जुळणी थोड्या खिळ्यांत भागत असे. देवनागरीला मात्र जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार यांसाठी शेकडो खिळे ओतावे लागत.

३/ या अडचणीवर दुसरा उपाय शिळाछापाचा होता. हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे दगडावर उतरवायचे आणि छापायचे. खिळ्यांचा प्रश्नच उरत नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते याच पद्धतीने. खिळे की शिळा, हा पेच पुढे संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उभा राहिला.

४/ पीसीचा मूळ मजकुरी पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळींचा. प्रत्येक घरात एकच अक्षराकृती, आणि आकृतींचा साठा २५६ चा, फार तर ५१२ चा. लिनक्सच्या कन्सोलकडे ही मर्यादा वारशाने आली. इंग्रजीला ती पुरते. देवनागरीला पुरत नाही, आणि त्याचे कारण केवळ संख्या नाही.

५/ ‘स्थिती’ हा शब्द घ्यावा. संगणकात तो स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी या क्रमाने साठवला जातो. पडद्यावर मात्र ‘थ’नंतर साठवलेली वेलांटी ‘स’च्याही आधी यावी लागते आणि ‘स’ अर्धा व्हावा लागतो. एका घरात एक आकृती मांडणाऱ्या कन्सोलला ही उलटापालट येत नाही.

६/ डॉसच्या काळात यावर उत्तर निघाले ते यंत्राच्या रूपाने. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले लिपीविषयक काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. तेथील ‘जिस्ट’ कार्ड पीसीत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या मजकुरी प्रणालींतही देवनागरी उमटू लागे.

७/ १९९१ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रसिद्ध केले. तेव्हा यंत्र सुरू होणे म्हणजे काळ्या पडद्यावरून धावणाऱ्या इंग्रजी ओळी. जानेवारी १९९९ मधील २.२ कर्नलने पीसीवर फ्रेमबफर आणला. पडदा आता घरांचा न राहता ठिपक्यांचा झाला, आणि कोपऱ्यात लॅरी ईविंग यांनी १९९६ मध्ये रेखाटलेला टक्स पेंग्विन बसू लागला.

८/ मग संपूर्ण पडदाभर चित्र दाखवण्याची खटपट सुरू झाली. सुसेचा ‘बूटस्प्लॅश’ कर्नललाच ठिगळ लावून चाले. रेड हॅटचा ‘आरएचजीबी’ त्यासाठी आख्खा एक्स सर्व्हर आधी उभा करी, त्यामुळे चित्र उशिरा येई. उबुंटूने २००५ मध्ये ‘यूस्प्लॅश’ आणला. तो कर्नलबाहेर चाले.

९/ नोव्हेंबर २००८ मधील फेडोरा १० मध्ये रे स्ट्रोड यांचा ‘प्लिमथ’ आला. त्याच सुमारास पडद्याचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम कर्नलकडे जाऊ लागले होते. इंटेलच्या चिपसाठी ते मार्च २००९ च्या २.६.२९ कर्नलमध्ये दाखल झाले. त्यामुळे पडदा वारंवार काळा होणे थांबले. एप्रिल २०१० मध्ये उबुंटूनेही प्लिमथ स्वीकारला.

१०/ प्लिमथ सुरू होतो तो इनिट्रॅमएफएसमधून, म्हणजे कर्नलबरोबर स्मृतीत उतरणाऱ्या छोट्या फाइलसंचातून. मुख्य डिस्क तेव्हा उघडलेलीही नसते. त्याला हाक मारणारा शब्द ग्रबच्या कर्नल-ओळीत असतो : डेबियन-उबुंटूत ‘स्प्लॅश’, फेडोरात ‘आरएचजीबी’. सोबतचा ‘क्वाएट’ कर्नलच्या संदेशांना गप्प बसवतो.

११/ चित्र न दिसण्याची कारणेही या रचनेतच दडलेली असतात. हाक मारणारा शब्दच नसणे. ‘नोमोडसेट’मुळे कर्नलला पडदा हाती न घेता येणे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये नसल्याने उशिरा जागा होणे. आणि नेहमी चकवणारे कारण : थीम बदलली, पण इनिट्रॅमएफएस नव्याने बांधलाच नाही, मग जुनेच चित्र दिसत राहते.

१२/ २०१० च्या सुमारास एनव्हिडियाचा स्वामित्वाधीन ड्रायव्हर वापरणाऱ्यांना उबुंटूत ओबडधोबड चित्र किंवा नुसता मजकूर दिसे, कारण तो ड्रायव्हर कर्नलच्या नव्या पडदाव्यवस्थेत सामील नव्हता. इनिट्रॅमएफएसमध्ये फ्रेमबफर आधीच चालू करणे हा तेव्हाचा रूढ तोडगा होता.

१३/ चित्राने एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे बिघाड. धावत्या ओळी कुरूप असल्या, तरी यंत्र कोठे अडले ते त्या सांगत. म्हणून प्लिमथमध्ये एस्केप कळ दाबताच चित्र बाजूला होऊन संदेश दिसतात. चित्र अडले की पहिली तपासणी तिथूनच होते.

१४/ खरा प्रश्न येतो तो डिस्क कूटबद्ध असेल तेव्हा. सुरू होतानाच यंत्र परवलीचा शब्द विचारते. हा पडदा शोभेचा राहत नाही. तो प्रश्न वाचता आला नाही तर पुढची वाट बंद. इंग्रजी न येणाऱ्या मराठी माणसासाठी तो कोणत्या लिपीत असावा, हे येथे महत्त्वाचे ठरते.

१५/ मराठी फॉन्टची सोय तोवर झाली होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिले. २००७ मध्ये सी-डॅकचे भारतीय भाषांसाठीचे ‘बॉस’ लिनक्सही आले. डेस्कटॉप उघडल्यावर मराठी नीट दिसे. अडचण उरली ती त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाची.

१६/ कारण फॉन्ट मुख्य डिस्कवर, आणि प्लिमथ इनिट्रॅमएफएसमध्ये. देवनागरीचा फॉन्ट तिथे नेला नाही तर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसतात. नुसता फॉन्टही पुरत नाही. वेलांटी जागी बसवणारी पँगोसारखी मांडणीप्रणाली लागते. फ्रीटाइपवरचा हलका पर्याय आकृती ओळीने मांडतो, जोडाक्षरे जुळवत नाही.

१७/ म्हणून अनेकदा सोपा मार्ग घेतला जातो : मराठी वाक्य चित्र म्हणून रेखाटून थीममध्ये ठेवायचे. ना फॉन्ट, ना मांडणी. हा शिळाछापच. स्वागताच्या ओळीला तो पुरतो. पण प्रसंगानुसार बदलणाऱ्या सूचनेला आणि चुकीच्या संदेशाला पुरत नाही. त्यासाठी खिळेच लागतात, आणि ते इनिट्रॅमएफएसमध्ये आधीपासून ठेवावे लागतात.