सिउदाद देल एस्ते

पॅराग्वेच्या आल्तो पाराना विभागाची ही राजधानी पाराना नदीच्या पश्चिम काठावर, ब्राझीलच्या फोझ दो इग्वासू शहरासमोर आहे. अर्जेंटिनाची हद्दही येथून जवळच. 3 फेब्रुवारी 1957 रोजी सरकारी हुकमाने शहराची स्थापना झाली आणि पुढे 1989 पर्यंत हुकूमशहा आल्फ्रेदो स्त्रोएस्नर याचेच नाव ते मिरवत राहिले. त्यामुळे सत्ताधीशाच्या लहरीतून निर्मनुष्य जंगलात उभे राहिलेले नगर, अशी त्याची ओळख रूढ झाली. ती दोन्ही अंगांनी अपुरी आहे. हे अरण्य ग्वारानी लोकांचे होते, आणि येर्बा माते या पेयाची पाने व इमारती लाकूड यांच्या व्यापाराने ते शहराच्या आधीच पोखरले होते. लहरीचे म्हणावे, तर पारानावरील मैत्री पुलाचा करार 1956 चा, म्हणजे हुकमाच्या आधीचा आहे. त्याच वर्षी ब्राझीलने आपल्या पारानाग्वा बंदरात पॅराग्वेच्या मालासाठी करमुक्त साठवणुकीची सोय देऊ केली. समुद्रकिनारा नसलेल्या या देशाचा परदेशी व्यापार तोवर नदीमार्गाने ब्वेनोस आयरेसवर अवलंबून होता. पूर्वेकडून अटलांटिक गाठायचा, तर नदी ओलांडण्याच्या जागी वस्ती हवीच होती. 1864–70 च्या युद्धात देश उद्ध्वस्त करणाऱ्यांत ब्राझील आघाडीवर होता. तरीही त्याच दिशेला दार उघडावे लागले, यावरून ही निकड किती मोठी होती ते कळते. पॅराग्वेला अर्जेंटिनाच्या प्रभावातून आपल्याकडे ओढण्यात ब्राझीलचाही स्वार्थ होता, हे खरे. पुलाचा खर्च त्यानेच उचलला. पण दोघांचे हित एका जागी जुळले म्हणूनच हुकमाला बळ आले. नुसत्या हुकमाने गाव वसत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: शहर वाढवले ते पारानावरच बांधलेल्या इताइपू धरणाने. 1973 चा करार, त्यानंतर हजारो मजुरांची आवक आणि 1984 मध्ये सुरू झालेली वीजनिर्मिती, यांनी वाढीला प्रचंड वेग दिला, हे नाकारता येणार नाही. मात्र पूल 1965 मध्येच खुला झाला होता. शिवाय हे केवळ धरणाचे गाव असते, तर बांधकाम ओसरताच ते ओस पडले असते. घडले उलटे. 1992 च्या जनगणनेत लोकसंख्या लाखापलीकडे गेलेली दिसते. पॅराग्वेतील कमी आयातशुल्कामुळे विद्युत उपकरणे, अत्तरे, सिगारेट असा माल येथे स्वस्त मिळे. लेबनानी आणि तैवानी व्यापाऱ्यांनी पुलाच्या तोंडाशी दुकाने थाटली आणि ब्राझीलचे गिऱ्हाईक पायी पूल ओलांडून येऊ लागले. या उलाढालीत तस्करीचा वाटा मोठा होता. परंतु कायदेशीर व्यापार आणि तस्करी दोन्ही त्याच पुलावरून, त्याच करतफावतीच्या आधाराने चालत.