दापोड्याच्या गोदामांचा विमा : जोखमी हुंडीपासून सेन्सरपर्यंत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण दापोडे, माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या आपल्या पट्ट्यात ज्याचा गाळा भाड्याने दिलाय, ज्याचा टेम्पो चालतो किंवा जो रोज गोदामात माल चढवतो-उतरवतो, त्याने शेवटपर्यंत वाचावी. विषय विम्याचा आहे आणि थोडा इतिहासाचा.

हल्ली पेपरात दर आठवड्याला एखादी बातमी असते, अमुक विमा कंपनीने तमुक स्टार्टअपशी करार केला. फोनवर दोन बटणं दाबा, पॉलिसी तयार. ट्रकमध्ये जीपीएस बसवा, हप्ता कमी. गोदामात धूर ओळखणारा सेन्सर लावा, सवलत मिळवा. ऐकताना वाटतं की हे सगळं काल-परवाचं आहे. प्रत्यक्षात जुन्या, पैसेवाल्या विमा कंपनीने बाहेरच्या नव्या माणसाला सोबत घ्यायचं, ही गोष्ट बरीच जुनी आहे. आणि दर वेळी त्यातून एक प्रश्न उरतो: या नव्या सोयीत कोण आत आला आणि कोण बाहेर राहिला?

आधी शब्दच बघा. विमा हा शब्द फारसीतून आला. तिथे ‘बीम’ म्हणजे भीती. भीतीचा सौदा म्हणजे विमा. आपल्या खाडीकाठाला हा सौदा नवा नव्हता. कल्याण-भिवंडी ही जुनी बंदरं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली आणि याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली, हे आपण शाळेत शिकलो. पण जिथे जहाज, तिथे माल, आणि जिथे माल, तिथे जोखीम. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांकडे यासाठी ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता. माल जहाजावर चढवणारा व्यापारी हुंडी लिहायचा, सराफ ती विकत घेऊन पैसे आधीच द्यायचा. जहाज सुखरूप पोचलं तर समोरच्या बंदरात हुंडीची रक्कम वसूल व्हायची. जहाज बुडालं तर सराफाचे पैसेही बुडाले. म्हणजे कर्ज देणारा आणि विमा उतरवणारा एकच माणूस. तो तांडेल कोण, गलबत किती जुनं, वारा कुठला, हे सगळं विचारून मगच भाव ठरवायचा. आजच्या भाषेत त्याला डेटा म्हणतात. तेव्हा तो सराफाच्या डोक्यात असायचा.

मग इंग्रजी पद्धतीच्या कंपन्या आल्या. १८१८ मध्ये कोलकात्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली, १८५० मध्ये तिथेच ट्रायटन ही सर्वसाधारण विम्याची कंपनी. यांचं गिऱ्हाईक मुख्यतः गोरा साहेब. हिंदी माणसाचा आयुर्विमा एक तर घ्यायचाच नाही, नाहीतर जादा हप्ता लावायचा. कारण काय, तर ‘नेटिव्ह’ माणसाच्या आयुष्याची जोखीम जास्त. हे अनेक वर्षं चाललं. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल लाइफ अशुरन्स सोसायटी सुरू झाली आणि तिने हिंदी माणसाला नेहमीच्या दराने विमा दिला. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी ही कंपनी आली. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया अशुरन्स काढली. आज आपण ज्यांना जुन्या कंपन्या म्हणतो, त्या त्यांच्या काळातल्या स्टार्टअपच होत्या. प्रस्थापितांनी ज्यांना ‘धोक्याचे’ ठरवून बाहेर ठेवलं होतं, तेच यांचं गिऱ्हाईक झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. कंपन्या भरमसाट झाल्या होत्या, काहींनी लोकांच्या पैशाशी खेळही केला होता. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम काढून सरकारने आयुर्विमा ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते आपल्या कोकणातले चिंतामणराव देशमुख. २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी जन्माला आली. आग, माल, वाहन यांचा सर्वसाधारण विमा १९७३ पासून सरकारी झाला. १०७ विमा कंपन्यांच्या चार झाल्या: न्यू इंडिया मुंबईत, नॅशनल कोलकात्यात, ओरिएंटल दिल्लीत आणि युनायटेड इंडिया मद्रासला.

याचा फायदा झाला, तो नाकारू नये. एलआयसीचा एजंट गावोगाव गेला. पण स्पर्धा संपली की नवं करायची घाईही संपते. आग विम्याचे दर तक्त्यातून ठरायचे. गोदाम कसं राखलंय यापेक्षा ते कुठल्या रकान्यात बसतं, याला महत्त्व. नवं यंत्र आणणंही सोपं नव्हतं. १९६० च्या दशकात एलआयसीने कॉम्प्युटर आणायचं ठरवल्यावर नोकऱ्या जातील म्हणून कर्मचारी संघटना उभ्या ठाकल्या. कोलकात्याच्या इलाको हाऊसचं आंदोलन त्या काळात गाजलं होतं. त्या कर्मचाऱ्यांना आज हसू नका. ‘यंत्र आलं की माझं काय?’ हा त्यांचा प्रश्न आज आपल्या गोदामांतला हमालही विचारतोय.

१९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांची समिती बसली. १९९९ मध्ये कायदा झाला आणि २००० पासून खासगी कंपन्यांना दार उघडलं. पण कायद्याने एक उंबरठा ठेवला, विमा कंपनी काढायची तर किमान १०० कोटींचं भांडवल पाहिजे. आजच्या भागीदारीचं मूळ इथे आहे. हुशार पोरांकडे ॲप असतं, कल्पना असते, पण १०० कोटी आणि परवाना नसतो. कंपनीकडे भांडवल, परवाना आणि दावे फेडायची ताकद असते, पण रोज गिऱ्हाइकाच्या खिशात बसणारा फोन तिच्या हातात नसतो. मग दोघं एकमेकांचा हात धरतात. जोखीम कंपनीची, दार स्टार्टअपचं.

याचा पहिला मोठा धडा शेतीतून आला. २००३ मध्ये आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) महबूबनगर जिल्ह्यात मुंबईच्या आयसीआयसीआय लोंबार्डने बेसिक्स या छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेला सोबत घेतलं, सल्ला जागतिक बँकेचा. भुईमूग आणि एरंडीच्या शेतकऱ्यांना पावसावर आधारलेला विमा दिला. शेत बघायला कोणी येणार नाही, ठरलेल्या केंद्रावर पाऊस ठरल्यापेक्षा कमी मोजला गेला की पैसे. पुढे महाराष्ट्रात २०१७ मध्ये सरकारने स्कायमेट या खासगी हवामान कंपनीबरोबर ‘महावेध’ उभारलं, महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं. कल्पना चांगलीच. पण शेतकऱ्याची तक्रार तिथूनच सुरू होते. केंद्रावर पाऊस पडला, माझ्या बांधावर नाही. यंत्र खोटं बोलत नाही, पण यंत्र कुठे लावलंय यावर माझं नशीब ठरतं.

मग शहराची पाळी आली. सप्टेंबर २०१६ पासून रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटासोबत ९२ पैशांत १० लाखांपर्यंतचा अपघात विमा मिळू लागला. विकणारं संकेतस्थळ आयआरसीटीसीचं, जोखीम तीन विमा कंपन्यांची. २०१८ मध्ये ओलाच्या शहरातल्या प्रवासाला एक रुपयात विमा आला, मागे ॲको आणि आयसीआयसीआय लोंबार्ड. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ‘सँडबॉक्स’चे नियम केले. म्हणजे नवी कल्पना थोड्या लोकांवर, थोड्या काळासाठी करून बघायची परवानगी. त्यातूनच २०२० मध्ये मुंबईच्या एडलवाइज जनरलने गाडी चालेल तेवढाच विमा चालू ठेवणारी ॲपवरची पॉलिसी आणली. जुलै २०२२ मध्ये नियामकाने ‘जेवढी चालवाल, जशी चालवाल, तसा हप्ता’ हा प्रकार सगळ्याच कंपन्यांना खुला केला.

आता आपल्या दापोड्यात या.

इथे गोदामं का आली, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. मुंबईत जकात होती. जकातीच्या हद्दीबाहेर, नाशिक हायवेला लागून, बंदरापासून फार लांब नाही अशी जागा म्हणजे आपली भातशेती. शेतं गेली, पत्र्याचे गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. तरी गोदामं गेली नाहीत, उलट मोठी झाली. ऑनलाइन कंपन्यांचा माल आज इथूनच मुंबईत घरोघर जातो.

पण एकाच रस्त्यावर दोन जगं उभी आहेत. एकीकडे उंच छताचं, पाण्याचे फवारे असलेलं, कॅमेरे-सेन्सरवालं गोदाम. दुसरीकडे भिंतीला भिंत लागलेले जुने गाळे, वरती माळा, उघडी वायरिंग, शेजारी केमिकलचे ड्रम. आगीचा बंब आत वळायला जागा नाही. आग आपल्याकडे नवी नाही. पाणीही नाही, २६ जुलै २००५ कोण विसरेल? आणि एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्यात खाली गोदाम असलेली इमारत कोसळून माणसं गेली, हेही विसरता येणार नाही.

विमा कंपनी आणि स्टार्टअप यांची जोडी या दोन जगांपैकी कुणाकडे जाईल? साहजिकच पहिल्याकडे. तिथे सेन्सर आहे, माहिती आहे, कागद पूर्ण आहेत. जुन्या गाळ्याला सेन्सर नाही म्हणून माहिती नाही, माहिती नाही म्हणून ‘धोक्याचा’, धोक्याचा म्हणून हप्ता जास्त किंवा सरळ नकार. १८७० च्या आधी हिंदी माणसाला लावलेला जादा हप्ता आठवला का? फरक एवढाच की तेव्हा साहेब ठरवायचा, आता संगणकाचं गणित ठरवतं. आणि हेही खरं की तेव्हाचा भेद निराधार होता, आज मोकळ्या वायरचा धोका खरा आहे. म्हणून नुसती बोंब मारून चालणार नाही, गाळे सुधारावे लागतील.

काही गोष्टी साध्या आहेत, पण आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतात.

गाळामालकाचा विमा इमारतीचा, भाडेकरूचा विमा मालाचा. तुमच्या वायरिंगमुळे आग लागली तर भाडेकरूची विमा कंपनी त्याला पैसे देईल आणि मग वसुलीसाठी तुमच्या दारात येईल. कायद्याने तिला तो हक्क आहे.

हप्ता वाचवायला विमा कमी रकमेचा काढला तर दावाही त्या प्रमाणात कापतात. १ कोटीचा माल, विमा ६० लाखांचा आणि नुकसान २० लाखांचं असेल, तर हाती साधारण १२ लाख. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट माफ असते. ॲपवरून घ्या की एजंटकडून, हे नाव विचारून घ्या.

धोकादायक रसायनं ठराविक प्रमाणाबाहेर ठेवणाऱ्याला १९९१ च्या कायद्याने सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा आहे. भोपाळनंतर झालेला हा कायदा शेजाऱ्यांसाठी आहे. म्हणजे आपल्यासाठी. आपल्या हद्दीतल्या किती केमिकल गोदामांकडे ही पॉलिसी आहे, हे ग्रामसभेत विचारायला कुणाची हरकत नसावी.

आणि हमाल? महाराष्ट्राने १९६९ मध्येच अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून माथाडी कायदा केला. तरी कंत्राटावर, रोजावर येणारी किती पोरं त्या नोंदीबाहेर आहेत, ते डोळ्यांना दिसतं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे, बँक खातं असलं की झालं. एवढा सगळा माल रोज ज्यांच्या खांद्यावरून जातो, त्यांचा एवढा तरी विमा ठेकेदाराने उतरवावा, ही मागणी मोठी नाही.

शेवटचं. स्टार्टअपच्या ॲपवर पॉलिसी घेताना तीनच प्रश्न विचारा. जोखीम कुठल्या विमा कंपनीची, म्हणजे पॉलिसीवर शिक्का कुणाचा? दावा नाकारला तर जाब कोण देणार, ॲप की कंपनी? आणि माझ्या गाळ्यातल्या सेन्सरची, माझ्या गाडीच्या जीपीएसची माहिती उद्या माझाच दावा नाकारायला वापरणार का? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला लागले तर विमा लोकपालाचं दार आहे, वकील लागत नाही.

जोखमी हुंडी घेणारा सराफ बंदरावर उभा राहून गलबत बघायचा. आजची कंपनी पडद्यावर आकडे बघते. बघणारा कोणीही असो, आपला गाळा, आपली गाडी आणि आपला माणूस त्या नजरेत यायला हवा. १८७० मध्ये बाहेर राहिलेल्यांसाठी मुंबईत एक सोसायटी निघाली. आज दापोडे-माणकोलीतले शंभर गाळेवाले एकत्र आले, वायरिंग दुरुस्त करून सगळ्यांनी मिळून सेन्सर लावले आणि कंपनीकडे एकत्र भाव मागायला गेले, तर कंपनीला त्यांच्याशी बोलावंच लागेल. सुरुवात कुणी करायची, ते खाली लिहा.

#दापोडे #भिवंडी #गोदामपट्टा