डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट

प्राचीन इस्राएल लोकांत दर पन्नासाव्या वर्षीं ज्युबिली पाळण्याचा नियम होता. त्या वर्षीं शिंग फुंकलें जाई, दास मुक्त होऊन आपल्या घरीं परतत, आणि कर्जापायीं गमावलेली वडिलोपार्जित जमीन ज्याची त्याला परत मिळे. ज्युबिली म्हणजे केवळ पताका, बँड व भोजन नव्हे. ती बंधमुक्तीचा उत्सव होय. म्हणून या स्मरणपुस्तिकेंत एका बंधमुक्त मनुष्याचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचा धनी कोणी सावकार नव्हता. ती दारू होती. आणि तो सुटला तो कोणा वैद्याच्या औषधानें नव्हे, तर आपला रोजचा दिवस मुळापासून बदलून.

हा मनुष्य आयर्लंडमधील. त्या देशांत १८३८ सालीं एप्रिलच्या १० तारखेस कॉर्क शहरीं कापुचिन संघाचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनीं संपूर्ण मद्यत्यागाच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली व मोठी चळवळ आरंभिली. थोड्याच वर्षांत लाखों लोकांनीं त्यांच्यापुढें प्रतिज्ञा घेतली. दारूचा खप इतका उतरला कीं सरकारचें त्यावरील उत्पन्न घटलें. परंतु प्रतिज्ञेच्या दुसऱ्या दिवशीं, तिसऱ्या दिवशीं, पगाराच्या संध्याकाळीं मनुष्याला हात देणारी टिकाऊ व्यवस्था मागें उभी राहिली नाहीं. १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडून घोर दुष्काळ पडला, लाखों माणसें मेलीं, लाखों परदेशीं गेलीं, आणि चळवळ विसकटली. फादर मॅथ्यू १८५६ च्या डिसेंबरांत वारले. त्याच वर्षीं, मे महिन्याच्या २ तारखेस, डब्लिन शहराच्या एका गरीब वस्तींत मॅट टॅल्बट जन्मला होता.

बारा मुलांपैकीं तो दुसरा. वडील गोदीवर कामाला. त्यांना दारूचें व्यसन, आणि बहुतेक मुलगेही त्याच वाटेनें गेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास मॅटनें शाळा सोडली व तो बाटल्यांत दारू भरणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीस लागला. तेथेंच त्याला चव लागली. पुढें वडिलांनीं त्याला आपल्याबरोबर गोदींत नेलें, तों तेथेंही व्हिस्कीचीं कोठारें! मग तो गवंड्यांच्या हाताखालीं विटा वाहणारा बिगारी झाला. अंग मेहनती, स्वभाव दिलदार. परंतु मजुरी हातीं पडली कीं ती गुत्त्यांत जाई. त्या काळीं डब्लिनमध्यें कित्येक मजुरांना मजुरी गुत्त्यांतच चुकती केली जात असे. पैसे संपले म्हणजे मॅट पायांतले बूट विकी. एकदां त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं रस्त्यावर व्हायोलिन वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचें वाद्यच चोरून विकलें आणि त्याची दारू प्याली. या चोरीचा कांटा त्याच्या मनांत पुढें जन्मभर सलत राहिला.

१८८४ सालीं, अठ्ठावीस वर्षांचा असतां, तो आठवडाभर कामावर गेला नव्हता. शनिवारीं खिशांत दमडी नाहीं म्हणून तो गुत्त्याजवळच्या कोपऱ्यावर उभा राहिला. आपण ज्यांना इतक्यांदा पाजली, ते सोबती मजुरी घेऊन येतील व आपल्याला आंत बोलावतील, अशी त्याची खात्री होती. सोबती आले, नमस्कार करून आंत गेले. कोणींही त्याला बोलावलें नाहीं. मॅट घरीं परतला. शनिवारीं दुपारीं मुलगा शुद्धीवर घरीं आलेला पाहून आईला नवल वाटलें. आपण दारू सोडण्याची प्रतिज्ञा घेणार, असें त्यानें सांगितलें. आईनें त्याला अडविलें नाहीं. मात्र पाळावयाची नसेल तर घेऊं नको, असें बजाविलें. क्लॉनलिफ येथील होली क्रॉस कॉलेजांत जाऊन त्यानें एका धर्मगुरूंपाशीं पापनिवेदन केलें व तीन महिन्यांची प्रतिज्ञा घेतली.

तीन महिनेच! ही गोष्ट आम्हांला फार बोधप्रद वाटते. जन्मभराचें ओझें त्यानें एकदम उचललें नाहीं. तीन महिन्यांनंतर त्यानें सहा महिन्यांची प्रतिज्ञा घेतली, आणि त्यानंतर जन्मभराची.

परंतु ते पहिले तीन महिने सोपे गेले, असें कोणीं समजूं नये. शरीर दारू मागत होतें व मन खचत होतें. मुदत संपली कीं आपण पुन्हां पिणार, आपल्याच्यानें हें निभणार नाहीं, असें तो आईला हताश होऊन सांगे. मग तो टिकला कसा? आमच्या मतें याचें उत्तर त्याच्या दिनक्रमांत आहे.

कामावर जाण्यापूर्वीं, पहाटे, तो मिस्सेला जाऊं लागला. पहाटे उठणें म्हणजे रात्रीं वेळेवर निजणें आलेंच. खरा धोक्याचा वेळ संध्याकाळचा. काम सुटलें कीं सोबती गुत्त्याकडे वळत. मॅट त्या वाटेनेंच जाईना. तो दूरच्या रस्त्यांनीं शहरभर चाले, एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्यें जाई, आणि पवित्र साक्रामेंतापुढें गुडघे टेकून संध्याकाळ सरेपर्यंत बसे. चालण्यानें शरीर थके, आणि चर्चमध्यें त्याला दारू पाजणारा कोणी भेटत नसे.

तरीही एकदां त्याचा पाय घसरलाच होता. मोह अनावर होऊन तो एका गुत्त्यांत शिरला. खिशांत पैसे होते. परंतु गर्दीच्या गडबडींत दुकानदाराचें त्याच्याकडे लक्षच गेलें नाहीं. थोडा वेळ ताटकळून तो बाहेर पडला व थेट चर्चमध्यें गेला. त्या दिवसापासून खिशांत पैसे घेऊन हिंडावयाचें नाहीं, असा त्यानें नियम केला. आपल्या निश्चयाच्या बळावर तो विसंबला नाहीं. त्यानें खिसाच रिकामा ठेविला. हें शहाणपण मोठमोठ्या विद्वानांसही सुचत नाहीं!

मागचें देणें त्यानें फेडलें. ज्या ज्या दुकानीं उधारी होती, तेथें तेथें पैसे पोंचविले. त्या व्हायोलिनवाल्याचा त्यानें वर्षानुवर्षें शोध केला. तो सांपडला नाहीं, तेव्हां त्याच्या आत्म्यासाठीं मिस्सा करविल्या. तंबाखूही सोडली. ज्याला नीट वाचतां येत नव्हतें, तो संत ऑगस्टीनचें आत्मनिवेदन वाचूं लागला. अडलें तें धर्मगुरूंस विचारी. संत फ्रान्सिसच्या तृतीय संघांत तो सामील झाला. येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनीं १८९८ सालीं चार स्त्रियांना घेऊन ‘पायोनियर’ नांवाची मद्यत्यागी संस्था स्थापिली. मॅट तिचाही सभासद झाला. अशा रीतीनें गेलेल्या सोबत्यांची जागा नव्या सोबत्यांनीं भरून निघाली.

पुढें तो एका लांकडाच्या वखारींत मजुरी करी. मिळकतींतून स्वतःपुरतें ठेवून उरलेलें गरिबांना व मिशनकार्याला देई. आईला त्यानें तिच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९१५ पर्यंत, सांभाळिलें. १९२५ सालीं ७ जून रोजीं, पवित्र त्रैक्याच्या रविवारीं, मिस्सेला जात असतां ग्रॅनबी लेन नामक गल्लींत तो कोसळला व गतप्राण झाला. प्रेत इस्पितळांत नेल्यावर त्याच्या अंगावर सांखळ्या आढळल्या. संत लुई द माँफोर्ट यांनीं शिकविलेल्या मरियेच्या स्वेच्छादास्याचें तें चिन्ह होतें. एक्केचाळीस वर्षें त्यानें दारूला स्पर्श केला नव्हता. १९७५ सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्याला ‘वंदनीय’ म्हणून घोषित केलें.

त्याचीं कठोर तपें सर्वांनीं करावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. तीं त्याचीं होतीं. परंतु त्याची वाट बदलणें, खिसा रिकामा ठेवणें, संध्याकाळ भरून काढणें, देणें फेडणें व संगत बदलणें, हें कोणाही मजुराला साध्य आहे. ही वाट केवळ संतांची नव्हे. अमेरिकेंत २००१-०२ सालीं सुमारें ४३,००० प्रौढ माणसांची पाहणी झाली. तींत ज्यांना पूर्वीं मद्याचें व्यसन जडलें होतें, त्यांपैकीं जेमतेम चौथ्या हिश्शाच्या लोकांनीं कधीं उपचार घेतले होते. तरी तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक पूर्ण सावरलेले आढळले.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. जो वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पितो, त्यानें एकाएकीं दारू तोडल्यास पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येणें, भ्रम होणें, प्रसंगीं प्राणही जाणें संभवतें. अशानें डॉक्टरांना विचारूनच सोडावी. त्यांत लाज नाहीं व श्रद्धेची उणीवही नाहीं. डॉक्टर पहिले दिवस तारून नेतील. त्यापुढील एक्केचाळीस वर्षें मात्र दिनक्रमानेंच तारावयाचीं असतात.

ज्या घरीं संध्याकाळ झाली कीं आईचे व पत्नीचे डोळे दाराकडे लागतात, त्या घरासाठीं आम्हीं हें लिहिलें आहे. त्या मायबहिणींनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, मॅटनेंही हताशपणाचे शब्द उच्चारिले होते. ते त्याचे अखेरचे शब्द ठरले नाहींत. आणि आम्हां शेजाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, त्या शनिवारीं त्याच्या सोबत्यांनीं त्याला आंत बोलावलें नाहीं, तरी घरीं आईनें दार उघडें ठेविलें होतें. आपल्यांतील कोणी उद्यां गुत्त्याची वाट सोडून दुसऱ्या वाटेनें चालूं लागला, तर त्याला वाटेंत सोबत देणें आपल्या हातीं आहे. तेवढें झालें, तरी आमची ही ज्युबिली खऱ्या अर्थानें साजरी झाली, असें आम्ही समजूं.